ऊसतोडीला गेलेल्यांची मतं आणि गावच्या निवडणुकीतला पैसा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तांड्यावरच्या तरुणाने विचारलंय: "दिवाळी झाली की आमच्या तांड्यावरची निम्मीअधिक घरं ऊसतोडीला जातात. उन्हाळ्यात परत आल्यावर कळलं की काही जणांची नावं मतदार यादीतून गेली. ग्रामपंचायतीच्या वेळी सरपंचपदासाठी घरटी पैसे वाटले गेले. आम्ही चार पोरं काही करू म्हणतो. सुरुवात कुठून करावी?"

महसूल खात्यातली माझी बरीचशी नोकरी निवडणूक शाखेत गेली, शेवटी नायब तहसीलदार म्हणून. निवृत्तीनंतरही यादीतून गळालेल्यांचे अर्ज भरून देतो आणि उमेदवारांचे खर्चाचे हिशेब काढून वाचतो. त्यावरून सांगतो: सुरुवात यादीपासून करा, पैशाचं नंतर. ज्याचं नाव यादीत राहणं दुसऱ्याच्या मेहेरबानीवर असतं, त्याला पाचशेची नोट परत करायचं बळ येत नाही. बंजारा तांडा असो, कोलामांचा पोड असो की पारध्यांचा बेडा, ज्या कार्यकर्त्याने नाव घालून दिलं त्याचंच मत, असं लोक मनाशी धरून बसतात. ते ओझं उतरलं की पैशाविषयीचं बोलणं लोकांच्या कानात शिरतं.

आधी कायदा पक्का समजून घ्या, कारण तुमच्याशी बोलणाऱ्या कर्मचाऱ्याला तो पाठ असेलच असं नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १९ म्हणतं, १८ वर्षं पूर्ण झालेला आणि मतदारसंघात सर्वसाधारणपणे राहणारा माणूस मतदार होतो. आणि कलम २० म्हणतं की तात्पुरता बाहेर गेला एवढ्यावरून त्याचं तिथलं राहणं संपत नाही. ऊसतोडीला गेलेलं जोडपं, मिरची तोडायला तेलंगणात गेलेली चंद्रपूर-गडचिरोलीची बाई, हरभरा काढायला मेळघाटातून खाली उतरलेलं कोरकू कुटुंब, ही सगळी आपापल्या गावचीच मतदार आहेत. घर गावात आहे, रेशनकार्ड गावचं आहे, म्हातारे आईबाप गावात आहेत, काम संपलं की माणसं परत येणार आहेत. "सहा महिने गावात नव्हते" हे नाव कापायचं कारण होऊच शकत नाही.

कलम २२ त्याहून महत्त्वाचं. कोणी गाव सोडून गेला म्हणून नाव वगळायचं असेल, तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याने त्याला आधी म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यायलाच हवी. कागदावर ती दिलेली असते. प्रत्यक्षात कुलूप लावलेल्या दाराला नोटीस चिकटते, पंचनाम्यावर शेजारच्या दोघांच्या सह्या होतात, सुनावणीच्या तारखेला माणूस सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या फडात असतो, आणि नाव जातं. बीएलओवर, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यावर, राग काढू नका. तो बहुतेकदा शाळेचा मास्तर असतो किंवा ती अंगणवाडी सेविका असते. दार बंद दिसलं की 'स्थलांतरित' लिहिणं हा त्यांना सोपा मार्ग असतो. त्यांच्या हातात तुम्ही दुसरा कागद द्यायचा.

तो कागद असा. मुकादम उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) वाटायला येतो त्या दिवशी सगळी जाणारी कुटुंबं एका जागी सापडतात. त्याच दिवशी वही घेऊन बसा. प्रत्येक मतदाराचं नाव, ओळखपत्राचा नंबर, यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक, कुठल्या भागात चालला, मुकादम कोण, अंदाजे कधी परत येणार, आणि एक मोबाइल नंबर. खाली दोन ओळी: "आम्ही हंगामी कामासाठी तात्पुरते बाहेर जात आहोत, आमचं कायमचं राहणं इथेच आहे. नाव वगळण्याचा अर्ज आल्यास वरील नंबरवर कळवावं व परत येईपर्यंत सुनावणीला मुदत द्यावी." सह्या, अंगठे. एक प्रत बीएलओला, एक तहसील कार्यालयात आवक-जावकला, आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. हा कागद फाइलला लागलेला असला की नाव कापणाऱ्या अधिकाऱ्याला 'मला माहीत नव्हतं' म्हणता येत नाही. कर्तव्यात कसूर केली तर कलम ३२ खाली त्यालाही शिक्षा आहे, हे त्याला ठाऊक असतं.

नाव वगळण्यासाठीचा अर्ज म्हणजे नमुना ७. तो त्याच मतदारसंघातला कोणताही मतदार देऊ शकतो. खोटी माहिती दिली तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, पण त्यासाठी अर्ज कोणी दिला हे आधी कळायला हवं. आलेल्या हरकतींची यादी नोंदणी अधिकाऱ्याला प्रसिद्ध करावी लागते. गावात राहिलेल्यांपैकी एकाने ती आठवड्यातून एकदा बघावी, एवढं एक काम वाटून घ्या.

तुमच्याकडची जी नावं गेलीच आहेत, त्यांच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील आहे. पण आदेशापासून १५ दिवसांची मुदत फडातून परतलेल्या माणसाला बहुतेक मिळतच नाही. म्हणून सरळ नमुना ६, म्हणजे नाव घालण्याचा अर्ज, भरा आणि नाव परत आणा. आता वर्षातून चार अर्हता दिनांक (ज्या तारखेला १८ पूर्ण असावे लागतात) आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्यामुळे नुकत्याच अठराच्या झालेल्या पोरापोरींनाही वर्षभर थांबावं लागत नाही. नाव परत आलं म्हणून विषय बंद करू नका. माहितीच्या अधिकारात नमुना ७, नोटीस आणि पंचनामा या तिन्हींच्या प्रती मागा. एका गावात या प्रती आल्या आणि पंचनाम्यावर सही केलेल्या शेजाऱ्यानेच सांगितलं, "मले वाटलं घरकुलाचा कागद हाय." पुढच्या पुनरीक्षणात त्या गावातल्या एकाही ऊसतोडवाल्याच्या नावावर हरकत आली नाही.

ग्रामपंचायतीची आणि जिल्हा परिषदेची स्वतंत्र मतदार यादी नसते, हे फार थोड्यांना माहीत असतं. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो, त्या दिवशीची विधानसभेची यादी घेतो आणि प्रभागांप्रमाणे फोडतो. प्रभागाची प्रारूप यादी चावडीवर लागली की गाव जागं होतं, तहसीलला गर्दी होते. पण त्या टप्प्यावर चुकीच्या प्रभागात पडलेलं नाव हलवता येतं, विधानसभेच्या यादीत नसलेलं नाव घालता येत नाही. विधानसभा-लोकसभेलाही उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादीत काहीच बदल होत नाही. म्हणजे निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणाऱ्याच्या हाती फारसं काही उरत नाही. हे सगळं काम ऐन शांततेच्या काळात करायचं असतं.

लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं वेगळी तपासा. माहेरच्या यादीत नाव कापलं जातं आणि सासरच्या यादीत चढत नाही, असं फार वेळा होतं. माहेरच्या यादीत नाव अजून असेल तर पत्ता बदलण्याचा नमुना ८ लागतो, कापलं गेलं असेल तर नमुना ६.

तुमच्या शिवाराजवळ पारध्यांचा बेडा असेल तर तिथेही जा. कागद नाही म्हणून त्यांना परत पाठवतात, आणि ते चूक आहे. बेघर माणसासाठी आयोगाची सूचना स्पष्ट आहे: अर्जात जी जागा लिहिली आहे तिथे तो खरोखर झोपतो का, हे बीएलओने रात्री जाऊन बघायचं, एकाहून अधिक रात्री बघायचं, आणि खात्री पटली की राहण्याचा पुरावा मागायचा नाही. अशी एक तपासणी मी स्वतः केली. कापूस वेचणीचे दिवस होते, थंडी होती. रस्त्याच्या कडेला तीन पालं, बाहेर चुलीत विस्तव. सोबतच्या शिक्षिकेने टॉर्चच्या उजेडात नावं विचारली. एका म्हाताऱ्या बाईने जन्मसाल सांगता येईना म्हणून मोठ्या दुष्काळाच्या साली ती केवढी होती ते हाताने दाखवलं. दुसऱ्या रात्री पुन्हा गेलो, तीच माणसं तिथेच. अर्ज मंजूर झाले. आम्ही येतो हे कळल्यावर दुसऱ्या रात्री बेड्यावरचा एकही जण झोपला नव्हता, सगळे नावं सांगायला बसून होते.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण यादीत खोटी नावं घुसली तरी खऱ्याच माणसाचं मत पातळ होतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा मतदारसंघात २०२४ च्या विधानसभेआधी ऑक्टोबरात ऑनलाइन अर्जांचा पूर आला. घरोघर पडताळणी केल्यावर साडेसहा हजारांहून जास्त अर्ज बोगस निघाले, ते नामंजूर झाले आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. ती नावं अडली, कारण कोणीतरी पत्त्यावर चालत जाऊन पाहिलं. बिहारमध्ये २०२५ च्या विशेष पुनरीक्षणात प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं बाहेर राहिली. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वगळलेल्यांची यादी कारणांसह आणि केंद्रनिहाय जाहीर करा. तो आदेश बिहारपुरता असला तरी त्यातली मागणी तुम्ही तुमच्या तहसीलदारांकडे करू शकता: आमच्या भागात वगळलेली नावं कारणांसह चावडीवर वाचून दाखवा. मतदार यादीचं चावडी वाचन आपल्याकडे नवीन नाही. फक्त ते चार माणसांसमोर उरकू देऊ नका.

मतदानाच्या दिवसासाठी तीन गोष्टी. केंद्रावर अनुपस्थित, स्थलांतरित आणि मयत अशा मतदारांची एक वेगळी यादी असते. तिच्यात नाव आहे म्हणून कोणाला परत पाठवता येत नाही. ओळख पटली की तो मत देऊ शकतो, फक्त पडताळणी जास्त होते. ओळखपत्र नसेल तर रोजगार हमीचं जॉब कार्डही चालतं. आणि तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेला असेल, तर 'प्रदत्त मत' मागा, ते नाकारता येत नाही.

कारखान्याच्या फडात अडकलेल्यांचं काय, यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देणं मालकाला बंधनकारक आहे, रोजंदारीवाल्यालाही. पण न देणाऱ्याला दंड आहे ५०० रुपयांपर्यंत, आणि दोनशे कोसांवरून यायचं-जायचं भाडं त्यात कोणी देत नाही. जिथे आहे तिथूनच आपल्या मतदारसंघाचं मत देता यावं म्हणून निवडणूक आयोगाने २०२३ च्या जानेवारीत एक यंत्र दाखवायला पक्षांना बोलावलं होतं. पक्षांचा विरोध झाला आणि ते तिथेच राहिलं. त्यांच्या शंका खोट्या नव्हत्या. परराज्यात प्रत्येक पक्षाचा मतदान प्रतिनिधी कुठून आणणार? पण सैनिकाला आणि निवडणूक ड्यूटीवरच्या कर्मचाऱ्याला टपाली मत मिळतं, मग निदान राज्यातल्या राज्यात, कारखान्याच्या पत्त्यावर नोंद केलेल्या तोडणी मजुराला ते का मिळू नये? ही मागणी विदर्भातून आणि मराठवाड्यातून उठायला हवी, कारण पोटासाठी गाव सोडणारे आपलेच लोक आहेत.

आता पैसा. सरपंचाच्या खर्चाची मर्यादा गावाच्या सदस्यसंख्येवर असते: २०२५ मध्ये ती वाढण्याआधी ७ ते ९ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत ५० हजार, ११ ते १३ ला एक लाख, १५ ते १७ ला पावणेदोन लाख होती. दुसरीकडे मानधन बघा. २०२४ मध्ये ते दुप्पट झालं, तरी दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात महिन्याला ६,००० रुपये, म्हणजे पाच वर्षांत ३ लाख ६० हजार. आता तुमच्या गावात घरटी किती वाटले आणि घरं किती, याचा गुणाकार तुम्हीच करा. जो आकडा येईल तो मानधनातून निघणार नाही. शेत गहाण ठेवून उभा राहिलेला असो की रेतीवाल्याच्या, ठेकेदाराच्या पैशावर उभा राहिलेला, त्याला ती रक्कम नालीतून, सिमेंट रस्त्यातून, पाणीपुरवठ्याच्या पाइपातूनच काढावी लागते. तांड्यावर बोलताना मी नीतीच्या गोष्टी करत नाही, हा गुणाकार जमिनीवर खडूने मांडून दाखवतो. बायांना तो फार लवकर समजतो.

मतासाठी पैसे देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० आणि १७३ खाली, एक वर्षापर्यंत कैद. पण तो अदखलपात्र आहे. दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पोलिसाला तपास करता येत नाही, आणि परवानगी येईस्तोवर निकाल लागून गुलाल उधळून झालेला असतो. हा गुन्हा दखलपात्र करायला हवा. तोवर, आदल्या रात्री गल्लीत उभं राहून पाकिटं पकडायच्या नादाला लागू नका असंच मी तुम्हाला सांगेन. त्यात मारहाण होते, उलट तक्रारी होतात, आणि तुमच्यासारखी पोरं पुढच्या निवडणुकीला घराबाहेर पडत नाहीत. विधानसभा-लोकसभेला सी-व्हिजिल ॲप आहे. फोटो किंवा व्हिडिओ टाका, नाव न देताही तक्रार करता येते आणि पथकाने १०० मिनिटांत दखल घ्यायची असते. तेवढंच करा.

खरी पकड हिशेबाच्या वहीत आहे. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख, लोकसभेला ९५ लाखांची मर्यादा. प्रत्येकाकडे तीन रंगांच्या पानांची नोंदवही असते: पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोकडीची, पिवळी बँकेची. चहा, पोहे, खुर्ची, मंडप, जीप, सगळ्याचे दर जिल्ह्यात आधीच ठरलेले असतात आणि प्रशासन आपली वेगळी छाया नोंदवही ठेवतं. मी अशा वह्या तपासल्या आहेत. एका सभेचा व्हिडिओ बघत खुर्च्या मोजल्या, तर उमेदवाराच्या पांढऱ्या पानावर त्याच्या चौथा हिस्साही नव्हत्या; जेवणाचा खर्च शून्य आणि मागे पडद्याआड कढई दिसत होती. फरक त्याच्या खर्चात धरला गेला. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येकाला हिशेब द्यावा लागतो, आणि कोणताही माणूस एक रुपया भरून जिल्हा निवडणूक कार्यालयात तो पाहू शकतो. एक रुपया! मी नोकरीत असताना हा रुपया भरायला येणारे लोक क्वचितच पाहिले. तुम्ही या. तुमच्या गावातल्या सभेचे फोटो, तारीख, गाड्यांचे नंबर घेऊन या आणि वहीशी ताडून बघा.

ग्रामपंचायतीच्या उमेदवारालाही ३० दिवसांतच हिशेब द्यावा लागतो. न देणाऱ्याला ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४-ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. तहसीलकडून माहिती अधिकारात सगळ्या उमेदवारांचे हिशेब मागवा, निवडून आलेल्याचाही आणि पडलेल्याचाही, आणि ग्रामसभेत वाचा. ज्याच्या घरी पाकीट आलं त्याला "प्रचार खर्च: चौदा हजार" हे वाक्य ऐकू द्या.

वरच्या पातळीची भगदाडं याहून मोठी आहेत. उमेदवाराचा हिशेब अर्ज भरल्यापासून सुरू होतो, आधीचे वर्षभराचे मेळावे आणि साड्या त्यात नाहीत. उमेदवाराला मर्यादा आहे, पक्षाला नाही. १९७४ मध्ये दिल्लीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरला पाहिजे, पण लगेच कायदा बदलून तो निर्णय निष्प्रभ केला गेला. २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले. १६ हजार कोटींहून जास्त रक्कम त्यातून पक्षांकडे गेली आणि देणारा कोण हे मतदाराला कळत नव्हतं. १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते रद्द केले, कारण पक्षाला पैसा कुठून येतो हे जाणणं मतदाराचा हक्क आहे. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. पण २० हजारांच्या आतल्या देणगीदाराचं नाव पक्षाला आजही आयोगाला कळवावं लागत नाही. ते भगदाड बुजवणं आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादा घालणं, या दोन मागण्यांसाठी तुमच्या आमदार-खासदाराला लेखी पत्र द्या. गावातून असं पत्र क्वचितच जातं, म्हणून गेलं की ते वाचलं जातं.

शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण यामुळे लोक खर्च तपासणीलाच वैतागतात. आचारसंहितेत ५० हजारांहून जास्त रोकड असली की नाक्यावर अडवतात, आणि विधानसभा नोव्हेंबरात आली तर ऐन कापूस-सोयाबीनच्या चुकाऱ्याचे दिवस असतात. काटापट्टी आणि व्यापाऱ्याची पावती खिशात ठेवा. तरी रक्कम अडवली तर जिल्ह्यात त्यासाठी समिती असते, तिने स्वतःहून प्रकरण बघून खऱ्या माणसाची रक्कम सोडायची असते.

सरपंचपदाचा लिलाव हा प्रकार आपल्याकडेही कानावर येतो, देवळासाठी म्हणून बोली लागते आणि निवडणूक 'बिनविरोध' होते. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारचं खोंडामळी इथली निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने २०२१ मध्ये याच कारणाने रद्द केली. गावात असं घडत असेल तर बोलीचा व्हिडिओ हाच पुरावा असतो. आणि सगळेच उमेदवार पैसेवाले असतील तर 'नोटा'चं बटण असतं. राज्य आयोगाच्या २०१८ च्या आदेशात महापालिका, नगरपरिषद आणि नगरपंचायतीत 'नोटा'ला सर्वाधिक मतं पडली तर निवडणूक पुन्हा घ्यायची, असं म्हटलं होतं.

राहिली भीती. चार पोरांनी एकट्याच्या नावाने तक्रारी करू नका. प्रत्येक अर्जावर दहा-पंधरा सह्या, त्यातल्या निम्म्या बायांच्या. ग्रामपंचायतीच्या निकालाला आव्हान द्यायचं तर निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायालयात अर्ज द्यावा लागतो, म्हणून तालुक्याला एक वकील आधीच बोलून ठेवा आणि पुराव्याची फाइल मतदानाच्या आधीपासून बांधत जा.